तुटक रेघेचा चौकोन

"हे बघा, एवढंच दिसतं," अण्णा म्हणाले आणि खुर्चीतून उठून बाजूला झाले.

संगणकाच्या पडद्यावर चार चौकोन होते, एकेक पोळपाटाएवढा. त्यांत ठसठशीत अक्षरांत नावं: विष्णू, गोविंद, पुन्हा विष्णू, आणि कडेला अर्धा कापला गेलेला नारायण. खिडकीचा खालचा भाग पडद्याच्या बाहेर गेला होता, त्यामुळे जतन करायचं बटण बाहेर, छपाईचं बटण बाहेर, सरकवायची पट्टीसुद्धा बाहेर. अकराशे माणसांचा वंशवृक्ष आत होता आणि दर्शन मिळत होतं साडेतीन पूर्वजांचं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नऊ दिवस झाले. अपडेट घ्या म्हणाला, घेतलं. तेव्हापासून हे असं. शनिवारी छापखान्यात द्यायचंय हो. पुढच्या महिन्यात कुलसंमेलन आहे, त्याच्या आत पुस्तक हातात पाहिजे. आज गुरुवार."

"होईल," मी म्हणाले. दुकानात आम्ही सगळ्यांनाच होईल म्हणतो.

मी दुरुस्तीला आले होते हे खरं. पण त्या वृक्षात मला एक नाव बघायचं होतं. वसंत विष्णू म्हैसाळकर. ते माझे बाबा. आणि समोर उभे होते ते, हातात चष्म्याची काडी धरून, त्यांचे थोरले भाऊ. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

ही दोन हजार अकराची गोष्ट. मी तेव्हा सांगलीत बाबर सरांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात होते. सकाळी सरांनी चिठ्ठी पुढे केली. "मिरजेला जायाचं हाय. ब्राह्मणपुरीत म्हैसाळकर म्हणून म्हातारे हायत, एकटेच असत्यात. घराण्याचं पुस्तक करायलेत. लिनक्स हाय, दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई." आडनाव वाचलं आणि माझे कान तापले. नाही म्हणता आलं असतं. दुकानात लिनक्स येणारी मी एकटी असले तरी ताप आलाय म्हणून सांगता आलं असतं. पण मी पिशवी उचलली.

लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली मला कुणी शिकवली नव्हती. आई गेल्यावर दोन वर्षं मी भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. संध्याकाळी दार लावलं की सकाळपर्यंत माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येत नसे. मग इंटरनेटवर कुठल्या कुठल्या परक्या माणसांचे बिघाड सोडवत बसायची. कुणाचा प्रिंटर कागद ओढत नाही, कुणाचा आवाज जातो. ते थँक्स लिहायचे, आणि मला वाटायचं, चला, आज कुणाशी तरी बोलणं झालं.

आईनं जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, "मिरजेत तुझं काका हायत. त्या दारात आपण होऊन जायचं नाही." बसमध्ये मी पळवाट काढली. दुरुस्तीला बोलावणं आलं, म्हणजे मी आपण होऊन गेले नाही. उरला प्रश्न सांगायचा. त्यावर मी असं ठरवलं, की ते विचारतील तर सांगायचं. विचारणारच होते. आमच्याकडे नवं माणूस घरात आलं की पाण्याच्या तांब्याबरोबर दोन प्रश्न येतात, आडनाव काय आणि गाव कुठलं. मी उत्तर घोकत होते: रेवती आवळे, इचलकरंजी. आमच्या भागात आवळे म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. माणसं मान डोलावतात आणि कप बदलतात.

अण्णांनी पाणी आणून दिलं. मी तांब्या घेतला आणि वाट बघत राहिले.

"पंखा लावू का?" त्यांनी विचारलं.

एवढंच.

मी कामाला लागले. दोन खोल्यांचा फ्लॅट, दुसऱ्या मजल्यावर. मांडणीवर एक ताट, एक वाटी, दोन कप. खिडकीशी उतरत्या फळीचं मोठं टेबल. अण्णा भूमापन खात्यात नकाशे आखायचे. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी पेन्सिली टोक काढून ओळीनं लावलेल्या होत्या. संगणकावर लिनक्स कुणी घालून दिलं विचारलं तर म्हणाले, "कॉलेजातले एक मास्तर होते. म्हणाले फुकट आहे, आणि कुणाच्या मालकीचं नाही. मला ते बरं वाटलं."

दोष मला पाच मिनिटांत कळला, निदान मला तसं वाटलं. पडद्यावर चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं, आणि त्या कार्डाशी बोलायला दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. अपडेटमध्ये संगणकाचा गाभा नवा आला होता आणि कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर जुनाच राहिला होता. दोघांचं जमेना, म्हणून संगणकानं कार्डाचा नाद सोडून कसंबसं जाडंभरडं चित्र काढायला घेतलं होतं. मी कंपनीचा ड्रायव्हर काढून टाकला. त्याच्या जागी लिनक्सवाल्यांनी स्वतः लिहिलेला मोकळा ड्रायव्हर घालायचा होता. संगणक बंद करून सुरू केला.

पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

अण्णांनी टेबलाची कड धरली. "गेलं?"

"नाही. चित्र गेलंय. माल आत आहे."

"सात वर्षांचं काम आहे हो ते."

"दाखवते," म्हणून मी दोन आज्ञा टाइप केल्या. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत फाइलचं नाव उमटलं, पुढे तारीख. अण्णांनी चष्मा लावला, अगदी जवळ जाऊन ते नाव वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं आणि खुर्चीवर बसले.

"चहा करतो," ते म्हणाले. पण उठले मात्र दोन मिनिटांनी.

ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट होतं ते काडीएवढ्या डोंगलचं. पाच टक्के, सहा टक्के, पुन्हा पाच. तेवढ्या वेळात आमचा चहा झाला. दोन्ही कप सारखेच होते आणि त्यांनी भरताना कुठला कुणाचा ते बघितलं नाही. मी बघितलं.

"काकू..." मी म्हणाले आणि थांबले.

"लग्न नाही केलं. राहून गेलं." मग हसून म्हणाले, "आणि लोकांच्या लग्नांच्या तारखा गोळा करतोय. अकराशे बेचाळीस नोंदी! प्रत्येक घराला माहितीपत्रक पाठवलं. भरून, सही करून आलं तरच नोंद. ऐकीव काही घ्यायचं नाही, हा नियम मीच केला."

"तुम्हाला कंटाळा नाही येत, साहेब?"

"साहेब काय? काका म्हणा की."

दुकानात आम्ही सगळ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना काका म्हणतो. दिवसातून तीस वेळा म्हणत असेन. तिथे माझी जीभ वळेना. मी टक्क्यांकडे बघत बसले.

ते माझ्याशी पुष्कळ बोलले. लोकांना बोलायला माणूस नसलं की दुरुस्तीवाला हाती लागतो, हे मला नवं नव्हतं. कोणाच्या पत्रकात जन्मतारीख लग्नानंतरची होती, कुणी एकाच मुलाची दोन नावं लिहून दोन मुलगे केले होते, सगळं रंगवून सांगितलं. मी हसलेही. पण त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. कुठून आलात नाही, घरी कोण असतं नाही. नावसुद्धा नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग राग यायला लागला. बाबर सरांच्या दुकानात येणारा पोस्टमनसुद्धा मला गाव विचारून गेला होता.

ड्रायव्हर बसला. पडदा उजळला. साडेतीनाचे नऊ पूर्वज झाले.

"आलं की!" मी म्हणाले. काम तसं झालं होतं. बटणं दिसत होती, छपाई करता आली असती. मी माउसकडे हात नेला, उजवीकडे सरकायला.

"थांबा," अण्णा म्हणाले. त्यांनी टेबलावरून पोलादी पट्टी आणली आणि पडद्यावरच्या एका चौकोनाला लावली. "हा चौकोन मी चौरस आखलाय. हा आडवा फुगलाय. रुंदी जास्त भरतेय."

"थोडं चालतं हो."

"तुम्हाला चालत असेल. आमच्या खात्यात एवढ्यानं शेजारच्याची विहीर इकडे आली असती."

आता आली का पंचाईत! मी पुन्हा आत शिरले. कार्ड ठीक होतं, ड्रायव्हर ठीक होता. नोंदवही उघडून वाचत गेले, संगणक सुरू होताना जे जे घडतं ते त्यात उतरतं. तिथे लिहिलं होतं, की पडद्याकडून काहीही माहिती मिळाली नाही.

"केबल बदललीत का हल्ली?"

"हो, ते राहिलंच सांगायचं. उंदरानं कुरतडली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणली."

डॉक्टरला सांगत नाहीत ते गिऱ्हाईक आम्हालाही सांगत नाही. मी मागे जाऊन केबल काढली. टोकाच्या तीन ओळींतल्या सुया मोजल्या. एक कमी होती. मोडली नव्हती, बसवलेलीच नव्हती. स्वस्तातली केबल.

"हे बघा," मी त्यांना दाखवलं. "पडदा केवढा आहे ते पडदा स्वतः संगणकाला सांगतो. त्याला वेगळी तार असते. यात ती तारच नाही. पडदा सांगतोय, पण तिकडे पोचत नाही. मग कार्ड बिचकतं आणि लहानच धरून चालतं."

अण्णांनी ते टोक बोटांत फिरवून पाहिलं. "मग आता नवी केबल आणायची?"

"आणा. पण तोवर आपण हातानं लिहून देऊ, की हा पडदा एवढा आहे म्हणून. ऐकतो तो."

पडद्याच्या पाठीमागे चिठ्ठीवर माप होतं, चौदाशे चाळीस आडवे ठिपके, नऊशे उभे. अण्णांनी तरीही पट्टी लावून लांबीरुंदीचं प्रमाण जुळवून पाहिलं आणि मान हलवली. मी माप टाइप केलं. संगणकानं त्यावरून आकड्यांची एक लांब ओळ काढून दिली. ती ओळ दुसऱ्या आज्ञेत घातली, तिला नाव दिलं, आणि तिसऱ्या आज्ञेनं पडद्याला सांगितलं की आता हे घे. पडदा एकदा विझला, आतून टक् असा आवाज झाला. आणि मग सगळं बारीक, स्वच्छ, रुंद होऊन समोर आलं.

खिशातून रुमाल काढून अण्णांनी पडदा पुसला. पट्टी लावली. "चौरस," ते म्हणाले. मग सरकून माउस माझ्याकडे दिला. "बघा, तुम्हीच बघा कसं दिसतंय. तुमचं काम आहे."

मी माउस हातात घेतला. वृक्ष डावीकडून उजवीकडे पसरला होता. काळ्या, सरळ, एकसारख्या रेघा. मी खाली खाली गेले आणि उजव्या कडेला आले. विष्णू गोविंद, त्यांचे दोन मुलगे. थोरला दत्तात्रय, अविवाहित, भूमापन खाते. धाकटा वसंत.

बाबांचं नाव मी दोनच ठिकाणी लिहिलेलं पाहिलं होतं, मृत्यूच्या दाखल्यावर आणि आईच्या पेटीतल्या सूतगिरणीच्या ओळखपत्रावर. शाळेत आईनं माझ्यापुढे तिचं आडनाव लावलं होतं. मला वाटत होतं, इथे लिहिलेलं असेल: अविवाहित. किंवा वंश नाही. त्याची तयारी मी केली होती.

तिथे लिहिलं होतं, 'पत्नी: (नाव माहीत नाही), माहेर आवळे.' आणि त्याखाली एक चौकोन होता. बाकीच्यांसारखा काळ्या रेघेचा नव्हता, तुटक रेघेचा होता. आत लिहिलं होतं, 'कन्या (नाव माहीत नाही), जन्म अंदाजे १९८५.'

तेवढ्यात फोन वाजला. अण्णांनी उभ्याउभ्याच घेतला.

"बोला प्रभाकरराव. हो, झाला सुरू. शनिवारी देतो. नाही... नाही, तो चौकोन राहील. पत्रक नाही, ठाऊक आहे मला. नियम मीच केलाय ना? मग मोडायचा असला तर मीच मोडणार. लोक विचारतील तर माझ्याकडे पाठवा." त्यांनी फोन ठेवला. मग पडद्यावर माझ्या माउसचा बाण कुठे थांबलाय ते पाहिलं.

"याच्यावरूनच भांडतायत संमेलनवाले," ते म्हणाले. "खात्री नसलेलं छापू नका म्हणतात."

"ही रेघ तुटक का आहे?" मी विचारलं.

"नकाशात हद्द कायम झालेली नसली की आम्ही तुटक रेघ काढायचो. म्हणजे जमीन आहे, नक्की आहे. कुठे सुरू होते ते मोजायचं राहिलंय." ते खुर्चीवर बसले. "माझा भाऊ. इचलकरंजीला होता. वारला हे मला वर्षानं कळलं. सूतगिरणीतला एक माणूस भेटला, तो म्हणाला मुलगी आहे लहान. मी पत्रं पाठवली. हे बघा."

फायलीतून त्यांनी तीन पाकिटं काढली. तिन्हींवर पोस्टमनची लाल शाई होती. पत्ता सापडला नाही. पत्ता सापडणार कसा? बाबा गेल्यावर आम्ही तीन खोल्या बदलल्या होत्या.

"बायकोचं आडनाव आहे, आणि नाव नाही?" मी म्हणाले.

अण्णांनी पाकिटं परत फायलीत ठेवली.

"आडनावच विचारलं ना मी," ते म्हणाले. "वसंता तिला घेऊन आला तेव्हा आमचं घर याच जागेवर होतं. आता खाली स्कूटरी लावतात तिथे दार. ती दारात उभी होती, हातात पेढ्यांचा पुडा. वडील गेलेले, घरात मोठा मी. या म्हणायचं, पाणी द्यायचं, नाव विचारायचं. मी म्हटलं, आडनाव काय? तिनं सांगितलं. आणि मी दार लोटलं. जोरात नाही. हळूच लोटलं, सभ्य माणसासारखं."

मी माउसवरचा हात काढून घेतला.

"तेव्हापासून मी घरी आलेल्या माणसाला विचारत नाही काही. आडनाव नाही, गाव नाही. दूधवाला अकरा वर्षं येतोय, त्याचं नाव तेवढं ठाऊक आहे, तेही त्यानंच सांगितलं म्हणून. तुम्हालाही विचारलं नाही बघा." आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला त्यांनी काही चांगलं दिलं होतं.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, ते मी समजू शकते. पण त्या क्षणी मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. एक नियम मोडायला निघालात ना माझ्यासाठी, मग हाही मोडा. एकदा विचारा. एकदाच. मी बसमधून घोकत आलेय.

"एक गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही," अण्णा म्हणाले. "त्या पेढ्यांचं त्यांनी काय केलं असेल? टाकले असतील? कुणाला दिले असतील? रात्री जाग आली की तेच येतं डोक्यात. अठ्ठावीस वर्षं झाली. मूर्खपणा आहे."

मला ठाऊक होतं. जगात आता मला एकटीलाच ठाऊक होतं. आई ते सांगायची तेव्हा दर वेळी हसायची. पावशेर पेढे होते. मिरजेच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून दोघांनी ते संपवले. बाबांनी पाच खाल्ले आणि म्हणाले, "अण्णाच्या वाटणीचा पण मीच खातो." मग आईच्या पदराला हात पुसले आणि इचलकरंजीची गाडी पकडली.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, आणि त्याच्या आड आई उभी होती, लोटलेल्या दारासमोर, पुडा धरून. मी मनात म्हटलं, तिला विचारायची घाई झाली होती यांना, मग मला विचारायला काय होतं? मला रडायला येत होतं आणि ते मला त्यांच्यासमोर यायला नको होतं. मी वाकून पिशवी भरायला लागले.

"सुरू केल्यावर आपोआप हेच माप येईल, मी लिहून ठेवलंय," मी म्हणाले. "केबल बदला, पण चांगली घ्या. सुया मोजून घ्या. पंधरा लागतात. काहींत एक कमी असते तरी चालतं म्हणतात, पण तुम्ही पंधरा मोजा."

"पंधरा," त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

मी कामाची चिठ्ठी पुढे केली. गिऱ्हाइकाची सही, खाली दुरुस्ती करणाऱ्याचं नाव. मी फक्त 'रेवती' लिहिलं. रोज पूर्ण नाव लिहायची. अण्णांनी चिठ्ठी दूर धरून वाचली.

"रेवती. छान नाव आहे. सत्ताविसातलं शेवटचं नक्षत्र." ते थांबले. त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं, ओठ हलले. मला वाटलं, आता. मी उंबऱ्यात होते, एक पाय बाहेर.

"पुढचं विचारत नाही हं," ते हसून म्हणाले. "सावकाश जा. जिन्यात दिवा नाहीये."

दार त्यांनी लावलं नाही. मी खाली पोचेपर्यंत उघडं ठेवून उभे होते, उजेड यावा म्हणून. खाली स्कूटरी होत्या, सात. मी त्यांच्या मधे थोडा वेळ उभी राहिले. मग स्टँडवर गेले. बाकावर बसले. पेढे घ्यावेत असं मनात आलं, पण एकटीनं काय खायचे.

पुस्तक दुकानाच्या पत्त्यावर आलं. जाड, निळ्या बांधणीचं. आत एक ओळ, सुवाच्य अक्षरात: 'पडदा उत्तम चालला आहे. पंधरा सुया मोजल्या.' बाबर सर म्हणाले, "तुझं नाव छापलंय की गं पोरी!" खरंच छापलं होतं. सुरुवातीला आभारांच्या पानावर, छापखाना, कागदवाले आणि देणगीदार यांच्या खाली: 'संगणकाचा पडदा ऐनवेळी दुरुस्त करून देणाऱ्या कु. रेवती (सांगली).' घराण्याबाहेरच्या माणसांची यादी होती ती. आणि पान दोनशे चौदावर, उजव्या कडेला, तुटक रेघेचा चौकोन तसाच होता. कन्या (नाव माहीत नाही). एका पुस्तकात दोनदा आले मी. एकदा नुसतं नाव, एकदा नावावाचून.

शेवटच्या पानाला एक सुटं माहितीपत्रक होतं. राहून गेलेल्यांनी भरून पाठवावं, पत्ता अण्णांचा. पहिलाच रकाना होता आडनावाचा. त्यांना तोंडानं जे विचारवत नव्हतं ते सगळं त्या कागदावर ओळीनं विचारलेलं होतं. मी त्याच दुपारी ते भरलं. रेवती वसंत. वडील वसंत विष्णू म्हैसाळकर. आई पुष्पलता, माहेर आवळे. सही केली. सगळ्यात खाली 'अन्य माहिती' म्हणून दोन ओळींची जागा होती. तिथे लिहिलं, 'पेढे त्यांनी एसटी स्टँडवर बसून खाल्ले. बाबांनी पाच खाल्ले. त्यात एक तुमच्या वाटणीचा होता, काका.'

मग ते पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं. आणि पाठवलं नाही. आज पाठवू, दिवाळीनंतर पाठवू. ते कसे वागतील याची भीती नव्हती. ते चांगलेच वागले असते. मला वाटत होतं, थोडं त्यांनाही वाट बघू दे. आईनं किती बघितली. असं करत मी दुकान सोडलं, पुण्याला आले, आणि पाकीट माझ्याबरोबर दोन खोल्या फिरलं. शेवटी टपालपेटीत टाकलं तेव्हा अडीच वर्षं झाली होती.

तेरा दिवसांनी ते परत आलं. न उघडलेलं. माझ्या अक्षरातल्या पत्त्यावर तिरकी लाल रेघ, आणि बाजूला पोस्टमननं लिहिलं होतं, 'घेणार मयत.'